लोखंडी नांगराचा धडा

जुन्या काळी मुलाने पुढे काय करावयाचे, हे बहुधा त्याच्या जन्माबरोबरच ठरून जात असे. कुंभाराचा मुलगा चाकावर बसे, लोहाराचा मुलगा भाता ओढी, शेतकऱ्याचा मुलगा औताचा कासरा हाती धरी. बापाचे कसब मुलाच्या अंगी उतरे आणि त्या एका कसबावर त्याचा सारा जन्म निघून जाई. या व्यवस्थेत एक प्रकारचे स्थैर्य होते, हे खरे; परंतु तिच्यात मोठा अन्यायही होता. आवड असूनही कित्येकांना दुसरी वाट धरता येत नसे. अनेक जातींच्या मुलांना पाटी-पुस्तकाजवळ येऊ दिले जात नसे आणि मुलींना तर शाळेची पायरी क्वचितच चढता येई.

एकोणिसाव्या शतकात या संथ जीवनाला हादरे बसू लागले. 1853 साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. पाठोपाठ मुंबईत कापडाच्या गिरण्यांची धुराडी उभी राहिली. बैलगाडीचा मार्ग आगगाडीने घेतला आणि विणकराच्या मागासमोर यंत्र येऊन ठाकले. बापाला जे काम ठाऊक होते ते मुलाला पुरेनासे झाले. आणि मुलाला पुढे जे काम करावे लागणार होते, ते बापाने पाहिलेही नव्हते. अशा वेळी मुलांना शिकवावे तरी काय? जे काम अद्याप अस्तित्वात आलेले नाही, त्याची तयारी कशी करून घ्यावी?

हा प्रश्न आजही तितकाच मोठा आहे. त्याचे एक उत्तर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या चरित्रात पाहावयास मिळते.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. लहानपणापासून त्यांचा ओढा पोथ्या-पुस्तकांपेक्षा चित्रांकडे व यंत्रांकडे अधिक. चित्रकार व्हावे, अशी त्यांची मनीषा होती. रामूअण्णा या त्यांच्या वडील बंधूंनी ती ओळखली. त्यांच्याच आधारावर 1885 साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांचा हात चांगला चालू लागला. पण सुमारे दोन वर्षांनी एक विपरीत गोष्ट उघडकीस आली. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नव्हता. हा दोष पुष्कळदा जन्मजातच असतो. ज्याला तो असतो त्याला अनेकदा त्याची जाणीवही नसते, कारण आपल्याला दिसते तसेच सर्वांना दिसत असेल, असे तो धरून चालतो.

ज्याने चित्रकार होण्याचा ध्यास घेतला, त्याला रंगच ओळखता येऊ नयेत! अठरा वर्षांच्या तरुणाला खचवून टाकावयास एवढे पुरेसे होते. परंतु लक्ष्मणरावांनी आपल्यापाशी काय नाही याचा शोक करीत न बसता, काय उरले आहे याचा विचार केला. रंग गेले, तरी रेषा उरली होती. डोळ्याला प्रमाण कळत होते, हाताला वळण होते. यंत्रांच्या आराखड्याला रंग लागत नाही. त्याला अचूक रेषा लागते, काटेकोर माप लागते. ते यंत्रांची रेखाटने करण्याच्या विद्येकडे वळले. तीत त्यांनी इतके प्रावीण्य मिळविले की, मुंबईत 1887 साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत त्यांना साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. हीच संस्था आज वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते.

येथे लक्ष्मणराव जितके शिकवीत, त्याहून अधिक शिकत असत. रेखाटन शिकविणाऱ्याने कर्मशाळेत जाऊन हात काळे करण्याचे काही कारण नव्हते. परंतु कागदावर काढलेले यंत्र प्रत्यक्षात कसे घडते, हे पाहिल्यावाचून त्यांचे समाधान होईना. फावल्या वेळात ते कर्मशाळेत जात, यंत्रे खोलून पाहत, पुन्हा जोडत. यंत्रविद्येवरील इंग्रजी पुस्तके व नियतकालिके ते बारकाईने वाचीत आणि वाचलेले हाताने करून पाहत. डोके आणि हात यांची ही जोडी पुढे त्यांच्या आयुष्यभर टिकली.

त्याच सुमारास सायकल हे नवे वाहन आपल्या देशात येऊ लागले होते. दोन चाकांवर तोल सांभाळीत जाणारा माणूस पाहून रस्त्यावरचे लोक थबकून उभे राहत. या वाहनाला पुढे मागणी येणार, हे किर्लोस्कर बंधूंनी ओळखले आणि 1888 साली बेळगावात सायकलींचे छोटेसे दुकान सुरू केले. रामूअण्णा ते दुकान पाहत आणि लोकांना सायकलवर बसावयासही शिकवीत. पुढे मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा दुसऱ्यास देण्यात आली. त्यांनी ती नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. हातात मोठे भांडवल नव्हते; होती ती कर्मशाळेत मिळविलेली विद्या.

बेळगावच्या परिसरात दुकानाबाहेर सर्वत्र शेती पसरलेली होती. लक्ष्मणरावांचे लक्ष तिकडे गेले. गुरांना कडबा अखंड टाकला, तर बराच भाग पायदळी तुडवून वाया जातो; तोच बारीक कापून घातला, तर गुरे तो खातात. म्हणून त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर ते नांगराकडे वळले.

त्या काळी शेतकऱ्यांजवळ लाकडी नांगर असे. काळ्या, चिवट जमिनीत तो ओढावयास बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. तो माती उकरी, पण पालथी घालीत नसे. त्यामुळे हरळी-कुंद्यासारख्या खोल मुळांच्या तणांचा समूळ नाश होत नसे. लोखंडी नांगर माती खोलवर कापून उलटी पाडतो. खालची माती वर येते, तणांची मुळे उघडी पडून उन्हात वाळतात. असे नांगर विलायतेतून येथे येत असत. परंतु सामान्य शेतकऱ्याला ते परवडण्याजोगे नव्हते. आपल्या देशात, आपल्या जमिनीला व आपल्या बैलांना मानवेल असा लोखंडी नांगर करावयाचा, असा लक्ष्मणरावांनी निश्चय केला.

नांगर तयार झाला. परंतु तो घेण्यास कोणी पुढे येईना. 'लोखंडाने जमिनीत विष कालवेल, शेत नापीक होईल,' असे शेतकरी म्हणू लागले. वस्तुतः जुन्या लाकडी नांगराच्या टोकालाही लोखंडी फाळ असेच. परंतु सबंध नांगरच लोखंडाचा म्हटल्यावर त्यांचे मन कचरले. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली.

येथे शेतकऱ्यांना हसणे सोपे आहे. पण ते योग्य होणार नाही. ज्याच्या घरी वर्षाचे एकच पीक येते, त्याला चूक करण्याची सोय नसते. एक हंगाम फसला, तर घरातील मुलांच्या तोंडचा घास जातो. म्हणून शेतकऱ्याच्या संशयात अज्ञान होते, तशी जबाबदारीही होती. असा संशय उपहासाने जात नाही. तो अनुभवाने जातो. नव्या नांगराने नांगरलेले शेत डोळ्यांसमोर उभे राहिले, त्यात पीक आलेले दिसले, तेव्हाच लोकांची भीती हळूहळू ओसरली. नवी वस्तू निर्माण करणाऱ्याला यंत्र समजून भागत नाही. ज्याच्यासाठी ते यंत्र करावयाचे, तो माणूसही समजून घ्यावा लागतो.

शिवाय स्पर्धा होतीच. एका बाजूस परदेशातील मोठमोठे कारखाने, अनुभवी कारागीर आणि मुबलक भांडवल; दुसऱ्या बाजूस बेळगावातील लहानशी कर्मशाळा. 1905 नंतर देशात स्वदेशीचे वारे जोराने वाहू लागले, त्याचा आधार मिळाला. परंतु नांगर केवळ स्वदेशी आहे म्हणून शेतकरी तो किती दिवस वापरील? फाळ लवकर झिजला, दांडा वाकला किंवा बैलांच्या माना दुखू लागल्या, तर तो नांगर गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडणारच.

नांगराचा फाळ हे या कामाचे मर्म असते. सारे घर्षण त्यालाच सोसावे लागते. तो मऊ असेल तर झिजतो. आणि वाजवीपेक्षा अधिक कडक असेल तर दगडाला लागताच तुटतो. ओतशाळेत वितळलेले बीड साच्यात ओतल्यावर ते सावकाश निवाले तर तुलनेने मऊ राहते, झटकन निवाले तर अतिशय कठीण होते. कोणता भाग किती लवकर निवू द्यावा, यावर सारे अवलंबून. हे ज्ञान नुसत्या पुस्तकात मिळत नाही आणि नुसत्या मेहनतीनेही हाती लागत नाही. वाचावे, करून पाहावे, फसावे, का फसले याचा विचार करावा आणि पुन्हा करावे, असा तो क्रम आहे. स्पर्धेत टिकण्याचा दुसरा मार्ग नाही. शेजाऱ्याचे काम बिघडावे, अशी इच्छा धरल्याने आपला नांगर सुधारत नाही. आपला कालचा नांगर आणि आपला आजचा नांगर, या दोहोंतील स्पर्धा ज्याला जिंकता आली, तोच बाजारात टिकून राहतो.

काम कुठे रुळावर येते न येते, तोच नवे संकट आले. नगराच्या वाढीसाठी जागा हवी म्हणून बेळगावची कर्मशाळा तेथून हलविण्याची पाळी आली. उभारलेले सारे मोडून कोठे जावयाचे? अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात दिला. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन त्यांनी देऊ केली आणि कर्जाऊ रक्कमही दिली. ती जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला ओसाड माळ होता. पाण्याची टंचाई आणि सापांचा सुळसुळाट! 1910 साली या माळावर लक्ष्मणरावांनी आपला संसार आणि आपली यंत्रे आणली. निवडुंग तोडून घरे उभी राहिली, कारखाना उभा राहिला, झाडे लावली गेली. तीच आजची सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय.

या माळावर लक्ष्मणरावांच्या सोबतीला आलेले सगळेच काही मोठे पदवीधर नव्हते. शाळेतील परीक्षांत मागे पडलेले तरुणही त्यांत होते. परंतु काम करता करता शिकण्याची त्यांची तयारी होती आणि शिकविणाऱ्याजवळ धीर होता. ज्यांना शाळेने मागच्या बाकावर बसविले होते, त्यांच्यातून कसबी कारागीर व जबाबदार व्यवस्थापक तयार झाले. परीक्षेतील गुण खोटे असतात, असा याचा अर्थ नव्हे. गुण हे आजवर काय आले ते सांगतात. पुढे काय येऊ शकेल, ते सांगण्याची शक्ती त्यांच्यात नसते.

पुढे नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप येथे तयार होऊ लागले. 1946 साली पुण्यात तेलावर चालणारी एंजिने बनविण्याच्या उद्योगाचा पाया किर्लोस्करांच्या पुढील पिढीने घातला. 1956 साली लक्ष्मणराव निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता या साऱ्या प्रवासाकडे मागे वळून पाहावे. चित्रकला, यंत्ररेखाटन, अध्यापन, सायकल, कडब्याचे यंत्र, नांगर, चरक, पंप! यांतील बहुतेक गोष्टी लक्ष्मणरावांना शाळेत कोणी शिकविलेल्या नव्हत्या. सायकल तर त्यांच्या बालपणी गुर्लहोसुरात कोणी पाहिलीही नसेल. मग त्यांची तयारी कोणत्या गोष्टीने झाली? नेमके निरीक्षण करणारी दृष्टी, सरळ रेषा काढणारा हात, वाचलेले समजून घेण्याची सवय आणि 'मला हे येत नाही, पण शिकेन' असे म्हणण्याचे धैर्य, ही त्यांची शिदोरी होती. कामे बदलली, हत्यारे बदलली. ही शिदोरी मात्र कधी सरली नाही.

आजच्या मुलांपुढील काळ तर याहूनही वेगाने बदलतो आहे. ज्या शेतात लाकडी नांगर जाऊन लोखंडी नांगर आला, तेथे आता ट्रॅक्टर चालतो. कचेरीतील टंकलेखन यंत्राची जागा संगणकाने घेतली. हिशेब करणे, भाषांतर करणे, चित्र काढणे अशी कामेही आता यंत्रे करू लागली आहेत. त्यामुळे एखादी गोष्ट पाठ करून ती जशीच्या तशी लिहून दाखविणाऱ्याचे महत्त्व कमी होत जाणार आहे. ते काम यंत्र अधिक लवकर करील. परंतु कोणता प्रश्न विचारावा, मिळालेले उत्तर खरे की खोटे, आणि ते कोणाच्या उपयोगी पडेल, हे ठरविण्याचे काम माणसालाच करावे लागेल. गणित, भाषा व विज्ञान हे विषय शाळेत शिकावयाचे ते यासाठी. गणिताने विचाराला शिस्त लागते, भाषेने दुसऱ्याचे मन कळते व आपले सांगता येते, आणि विज्ञानाने डोळ्यांवरील अंधविश्वासाचे झापड दूर होते.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. लक्ष्मणरावांजवळ जिद्द होती, तसा पाठीशी भाऊही होता. अडचणीच्या वेळी जमीन देणारा अधिपती त्यांना भेटला आणि माळावर येऊन राबणारे सहकारी मिळाले. जिद्द अनेकांजवळ असते. संधी सर्वांना मिळतेच असे नाही. ती प्रत्येक मुलाला मिळावी म्हणून 2009 साली आपल्या देशात कायदा झाला आणि सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. दार उघडणे हे समाजाचे कर्तव्य आहे. आत जाऊन शिकणे हे विद्यार्थ्याचे. आणि आपल्या शेजारी बसलेल्या, मागे पडलेल्या सोबत्याला हात देणे हे दोघांचेही.

किर्लोस्करवाडीच्या माळावर एके काळी निवडुंगावाचून काही उगवत नव्हते. तेथील जमीन वाईट नव्हती. ती कोणी खोलवर नांगरली नव्हती, एवढेच. मनाच्या भूमीचेही असेच आहे. वरवर उकरून तिच्यातून फारसे काही हाती लागत नाही. शिक्षणाचा फाळ खोल गेला, म्हणजे तीच भूमी प्रत्येक हंगामात नवे पीक देऊ लागते.

शब्दार्थ

कासरा : बैलाला बांधलेला दोर. मनीषा : इच्छा. कर्मशाळा : यंत्रे व हत्यारे यांचे काम चालते ती जागा. ओतशाळा : धातू वितळवून साच्यात ओतण्याची जागा. बीड : साच्यात ओतून वस्तू बनविता येतील असे लोखंड. चरक : ऊस पिळण्याचे यंत्र. शिदोरी : प्रवासात बरोबर घेतलेले अन्न. झापड : डोळ्यांवर बांधलेले आच्छादन. निवणे : थंड होणे.

स्वाध्याय

1. एकोणिसाव्या शतकात लोकांच्या जीवनाला कोणत्या गोष्टींमुळे हादरे बसले?

2. 'रंग गेले, तरी रेषा उरली होती.' या वाक्याचा अर्थ लक्ष्मणरावांच्या चरित्राच्या आधारे स्पष्ट करा.

3. शेतकऱ्यांच्या संशयात 'अज्ञान होते, तशी जबाबदारीही होती', असे का म्हटले आहे?

4. लाकडी नांगर व लोखंडी नांगर यांच्या कामातील फरक चार-पाच ओळींत लिहा.

5. खरी स्पर्धा कोणाशी करावयाची असते, असे या पाठात सांगितले आहे? तुम्हांला ते पटते काय? कारणे द्या.

6. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : हात काळे करणे, मन कचरणे, मदतीचा हात देणे, तोंडचा घास जाणे.

7. आपल्या घरातील आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी गावात चालत असलेले कोणते काम आता दिसत नाही? ते काम करणाऱ्या माणसांनी पुढे काय केले? मिळालेली माहिती दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.